गाडी रस्त्यावर ठेवा, वाळूखाली कुणीतरी आहे

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला किनाऱ्याच्या रस्त्याने निघालं की एका चढावर गाड्या आपसूक थांबतात. खाली एका अंगाला आरे, दुसऱ्या अंगाला वारे. मध्ये डोंगराची सोंड समुद्रात उतरलेली, किनाऱ्याला सुरूचं बन. फोटो सगळे तिथूनच काढतात. मग गाड्या उतारावरून खाली येतात, आणि त्यातल्या काही रस्ता संपला तरी थांबत नाहीत, सरळ पुळणीवर उतरतात. हे आवाहन त्या काहींना आहे. जे आपली गाडी वर ठेवतात पण दुसरा वाळूत घालताना बघून गप्प बसतात, त्यांनाही आहे. मी बरीच वर्षं त्या दुसऱ्या प्रकारात होतो. एकदा पहिल्यातही होतो, ते पुढे सांगतो.

येत्या 3 एप्रिलला गुड फ्रायडे. शुक्रवार, लगेच शनिवार-रविवार. तुमच्या कॅलेंडरवर ती जोडून सुट्टी आहे, आणि जोडून सुट्टी म्हणजे कोकण. आमच्या घरी तेच तीन दिवस वर्षातले सर्वांत जड आणि सर्वांत मोठे. शुक्रवारी येशूला क्रुसावर मारलं, घाईघाईत कबरेत ठेवलं, तोंडाला धोंड लावली. शनिवारी काहीच घडलं नाही. रविवारी पहाटे बायका सुगंधी द्रव्यं घेऊन गेल्या तर धोंड सरकलेली आणि कबर रिकामी. सगळा ख्रिस्ती धर्म त्या रिकाम्या जागेवर उभा आहे. तुम्ही त्या दिवसांत समुद्रावर का येता, असं मी विचारत नाही. या. आमच्यातले बरेच जणही मिस्सा आटोपून समुद्रावरच येतात. पण यंदा येताना एक गोष्ट ऐकून या.

यंदा राखेचा बुधवार 18 फेब्रुवारीला होता. त्या दिवशी फादर कपाळावर राखेने क्रूस काढतात आणि तू माती आहेस, मातीत जाणार आहेस, याची आठवण करून देतात. ही राख बाजारातून येत नाही. गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी मिरवणुकीत धरलेल्या झावळ्या लोक घरी देवाच्या फोटोमागे खोचून ठेवतात. वर्षभराने त्या वाळून कोळ झाल्या की परत आणून जाळतात, त्यांचीच ही राख. तिथून पुनरुत्थान रविवारपर्यंत, म्हणजे 5 एप्रिलपर्यंत, आमचा उपवासकाळ. मधले सहा रविवार सोडले तर चाळीस दिवस; रविवार धरून शेहेचाळीस.

आता दुसरा हिशेब बघा. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्रीच्या भरतीला किनाऱ्यावर येते, मागच्या वल्ह्यांनी साधारण दीड फूट खोल खड्डा खणते, त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटून अंगाने दाबून बसवते आणि परत जाते. पिल्लांची तोंडं ती कधी बघत नाही. अंडी वाळूच्या उबेवर पंचेचाळीस ते साठ दिवसांत फुटतात. राखेच्या बुधवारच्या आसपास कुणी मादी या बाजूला येऊन गेली असेल, तर तिची पिल्लं नेमकी तुमच्या जोडून सुट्टीच्या दिवसांत वाळूखाली हलायला लागणार.

अंड्यातून फुटलं म्हणून पिल्लू लगेच वर येत नाही. आणखी काही दिवस ती सगळी भावंडं अंधारात, एकमेकांच्या अंगावर, वरची वाळू थोडी थोडी खाली पाडत वर सरकत राहतात. एकट्या पिल्लाला ते जमत नाही. वरची वाळू तापलेली असली की थांबतात, थंड झाली की पुन्हा हालचाल. म्हणून ती बहुधा रात्री नाहीतर पहाटे बाहेर पडतात. कबरेच्या गोष्टीत जो शनिवार आहे, ज्या दिवशी बाहेरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही, तो मला हे समजल्यापासून रिकामा वाटत नाही.

आरे-वारेवर घरटी आहेत का, असा प्रश्न लगेच येईल. दक्षिणेला गावखडी, उत्तरेला गणपतीपुळे-मालगुंड, तिथल्या किनाऱ्यांवर मादी येते. समुद्रातून येणारी मादी गावाच्या हद्दी बघून येत नाही. पण आरे-वारेचं खात्रीने सांगता का येत नाही, त्याचं कारण बघा. मादी वाळूवरून सरपटत जाते तेव्हा मागे जी खूण राहते ती थेट ट्रॅक्टरच्या चाकासारखी दिसते. पहाटे फेरी मारणारा माणूस त्या खुणेचा माग काढत घरट्यापर्यंत पोचतो. पुळणीवर आदल्या संध्याकाळी दहा गाड्या गोल गोल फिरलेल्या असतील तर त्याने काय शोधायचं? गाडी घरट्यावरून गेलीच पाहिजे असं नाही. ती नुसती फिरली तरी घरटं हरवतं. शिवाय चाकोरी राहते. तुमच्या-आमच्या घोट्याएवढी ती चर दोन इंचांच्या पिल्लाला भिंतीसारखी असते. ते समुद्राकडे जायचं सोडून चरीतून सरळ चालत राहतं आणि उजाडलं की कावळे येतात.

हे मला कुठून माहीत, तर तीन वर्षांपूर्वी माझ्या भाच्याने नवी गाडी घेतली, चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी. ती वाळूत कशी पळते ते बघायला आम्ही पुळणीवर उतरवली. मी पुढच्या सीटवर होतो आणि हसत होतो. गाडी रुतली. गावातली पोरं आली, दोर लावला, फळ्या घातल्या, तासाभराने काढली. पैसे देऊ केले तर त्यातला एक म्हणाला, “पैशे नकोत काका, परत आणू नका म्हंजे झाला.” तोही आवाज चढवून नव्हे. मग त्यानेच मला ती चर दाखवली आणि पिल्लांचं सांगितलं. ख्रिस्ती माणसाला पापकबुलीची सवय असते, पण कबुली बहुतेक वेळा ठरावीक असते: खोटं बोललो, रागावलो, मिस्सा चुकवली. पुळणीवर गाडी घातली हे मी त्या वर्षी पहिल्यांदा सांगितलं. आणि त्याच्याही मागचं एक सांगायचं राहिलंच होतं. माझ्या लहानपणी आमच्या घरी कासवाची अंडी शिजलेली मला आठवतात. 1972 च्या वन्यजीव कायद्याने या कासवाला सर्वांत वरचं संरक्षण आहे. पण आमच्या स्वयंपाकघरात तो कायदा पोचायला बरीच वर्षं गेली.

उपवासकाळात आम्ही काय सोडतो? शुक्रवारी मांस सोडतो. आणि मग कोकणातला ख्रिस्ती माणूस शुक्रवारी सुरमई खातो आणि त्याला त्याग म्हणतो. यावर आमच्या घरात दर वर्षी विनोद होतो आणि दर वर्षी सुरमई येते. यशया संदेष्ट्याने अडीच हजार वर्षांपूर्वीच या प्रकाराची खरडपट्टी काढून ठेवली आहे. मान खाली घालून राखेत बसणं देवाला नको आहे, बांधलेल्याची दोरी सोड आणि भुकेल्याला आपल्यातलं दे, असा त्याचा मथितार्थ. दोरी सोड, हे मी गेल्या महिन्यात शब्दशः केलं. वारेच्या बाजूला खडकांत नायलॉनच्या जाळ्याचा एक गुंडा अडकला होता, हिरवा-निळा, त्यात शिंपल्या, एक चप्पल, आणि एक कासवी. मेलेली. मानेला तीन वेढे, एका वल्ह्याला फास इतका खोल की कातडी त्यावर वाढली होती. म्हणजे ती त्या फासासकट बरेच दिवस जगली. मी कोयत्याने दोर कापले. तिला त्याचा आता काही उपयोग नव्हता, पण तो गुंडा पुन्हा भरतीला समुद्रात गेला असता तर पुढचीला अडकवणार होता.

अंडी घालताना कासवीच्या डोळ्यांतून पाणी येतं. लोक म्हणतात ती रडते. खरं तर ती अंगातलं जास्तीचं मीठ डोळ्यांजवळच्या ग्रंथींतून बाहेर टाकत असते, समुद्रातही टाकतच असते, तिथे ते दिसत नाही एवढंच. मला ही माहिती कळल्यावर थोडी निराशा झाली होती. पण संत पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात म्हटलंय की सगळी सृष्टी बाळंतिणीसारखी वेणा देते आहे, नव्याच्या वाटेवर आहे, आणि देवाची लेकरं प्रकट होण्याची वाट बघते आहे. मीठ असो नाहीतर अश्रू, पौलाचं वाक्य मला त्या डोळ्यांशिवाय आता वाचता येत नाही.

इथे माझ्या ख्रिस्ती भावंडांशी थोडं भांडायचं आहे. आपल्यातल्या पुष्कळांना वाटतं की आपली आशा म्हणजे इथून सुटून वर जाणं. पृथ्वी ही धर्मशाळा; सोडताना खोली झाडली नाही तरी चालतं. पण बायबलच्या शेवटच्या पुस्तकाची अखेर नीट वाचा. तिथे माणसं वर जात नाहीत, देवाचं नगर खाली उतरतं. नवं आकाश येतं तशी नवी पृथ्वीही येते. आणि येशू उठला तो भूत होऊन नव्हे. जखमा घेऊन उठला, तळ्याकाठी विस्तव करून शिष्यांना मासे भाजून दिले. हे शरीर, ही माती, हा काठ देवाला टाकून द्यायचा नाही, असाच त्याचा अर्थ मला लागतो. नायकिया गावी 325 साली धर्मसभा भरली, तिच्या नावाने चालणारा विश्वासांगीकार आपण रविवारी म्हणतो, त्याचा शेवटही येणाऱ्या जगाच्या जीवनानेच होतो. गेल्या वर्षी त्या सभेला 1700 वर्षं झाली. गेलं वर्ष कॅथलिक चर्चने आशेचं जयंती वर्ष म्हणूनही पाळलं. जानेवारीत ते संपलं, बॅनर उतरले. काही बॅनर प्लास्टिकचे होते, तेही कुठे गेले ते बघायला हवं.

शेवटच्या पुस्तकातली एक गोष्ट मात्र किनाऱ्यावरच्या माणसाला खटकते. नव्या पृथ्वीवर समुद्र नसेल, असं योहान लिहितो. आमच्याकडे मासळीच्या धंद्यातल्या एका मावशीने हे वाचन ऐकून बाहेर आल्यावर फादरना विचारलं होतं, मग आम्ही तिथं काय करायचं? फादर हसले आणि म्हणाले, योहान पात्म बेटावर हद्दपारीत होता, समुद्राने त्याला आपल्या माणसांपासून तोडलं होतं, आणि जुन्या यहुदी माणसाला समुद्र म्हणजे अरिष्टच वाटायचं. जाईल ते अरिष्ट, पाणी राहील. मावशीला ते पटलं की नाही माहीत नाही. मला पटलं.

नव्या जगाची हाक या टापूला नवी नाही. इथून थोडं उत्तरेला मालगुंड, केशवसुतांचं जन्मगाव. त्यांनी ‘तुतारी’ लिहिली 1893 मध्ये. दोनच वर्षांनी, 1895 च्या फेब्रुवारीत, याच जिल्ह्यात करजगावला जन्मलेल्या नारायण वामन टिळकांनी तशाच एका हाकेला ओ देत मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आणि अगदी अलीकडचं उदाहरण वसईचं. वसई-विरारच्या हिरव्या पट्ट्यावर बांधकामवाल्यांची नजर पडली तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो ‘हरित वसई’च्या चळवळीत उतरले. धमक्या आल्या तरी हटले नाहीत. ‘सुवार्ता’ मासिक चालवणारा, बायबलचा मराठीत अनुवाद करणारा हा माणूस 2020 साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. 25 जुलै 2024 ला ते गेले. विहिरीचं पाणी आणि केळीची बाग हा श्रद्धेचा विषय आहे, हे त्यांना पटवून द्यायला 2015 चं पोप फ्रान्सिस यांचं ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक लागलं नव्हतं. ते त्याआधी पाव शतक रस्त्यावर होते. आम्हा कोकणातल्या ख्रिस्ती मंडळींना तेवढं जमलेलं नाही. आम्ही संख्येने थोडे, हे कारण आम्ही फार वर्षं वापरलं.

थोडे असलो तरी कासवांच्या बाबतीत संख्येचं कारण टिकत नाही. 2002 मध्ये मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन काम सुरू केलं. अंडी विकणाऱ्या गावात अंडी राखणारी माणसं तयार झाली. आता पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक मुंबई-पुण्याहून येतात. जानेवारी 2025 मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या वल्ह्यावर धातूची पट्टी सापडली. ती पट्टी तिला मार्च 2021 मध्ये ओडिशात लावली होती. म्हणजे बंगालच्या उपसागरातून ती आमच्या जिल्ह्यात आली. तिला हा किनारा अजून भरवशाचा वाटतो. आपण तो तसा ठेवलाय का?

आणि वेळ कमी आहे. वाळू किती तापली यावर पिल्लू नर होणार की मादी हे ठरतं; तापमान चढलं की माद्याच जन्मतात, त्याहून चढलं तर अंडी आतल्या आत शिजतात. यंदाच्या मार्चमध्ये पुळणीवर अकरा वाजता अनवाणी चालून बघा. ते तापमान खाली आणणं तुमच्या-माझ्या एकट्याच्या हातात नाही. चाक, दिवा, जाळं आणि खरकटं मात्र आहे. हे लिहितोय तेव्हा पुनरुत्थान रविवारला साडेतीन आठवडे उरलेत. काही गावांत शिमग्याच्या पालख्या अजून घरोघर फिरताहेत, मोहल्ल्यात रोजे चालू आहेत, पाडवा तोंडावर आलाय. एकाच महिन्यात इतके जण इतक्या तऱ्हांनी काहीतरी सोडताहेत, जाळताहेत, नवं उभारताहेत. म्हणून हे आवाहन फक्त ख्रिस्ती लोकांना नाही.

पर्यटकहो, गाडी रस्त्यावर ठेवा. वाळूत एक फूटही नको. रात्री पुळणीवर शेकोटी, हॅलोजन, डीजे नको. पिल्लं उजेडाकडे जातात, आणि त्यांच्या जन्माच्या वेळी सर्वांत जास्त उजेड समुद्राकडचा असायला हवा. बिर्याणीचं खरकटं, कोंबडीची हाडं मागे ठेवू नका. त्याच्या वासाने कुत्री येतात, आणि एकदा किनाऱ्याला लागलेली कुत्री रात्री घरटी उकरतात. बाटल्या फोडू नका हे सांगावं लागतं याची लाज वाटते, तरी सांगतो. आणि कासवांशी संबंध नसलेलं एक: उधाणलेल्या पाण्यात उतरू नका. गेल्या जुलैत इथेच चार जण बुडाले.

ट्रॅक्टरसारखी खूण, घरटं किंवा जखमी कासव दिसलं तर हात लावू नका. अंडी उचलून दुसरीकडे नेण्याचा उत्साह नको. घातल्यानंतर काही तासांनी अंडं नुसतं फिरवलं तरी आतला जीव मरतो. 1926 हा वनविभागाचा क्रमांक फिरवा आणि कुणी येईपर्यंत तिथे उभे राहा, माणसं आणि कुत्री लांब ठेवा.

मच्छीमार बंधूंनो, तुम्हाला शिकवायची माझी पात्रता नाही. एकच आठवण: जाळ्यात जिवंत कासव आलं आणि ते सोडायला जाळं कापावं लागलं, तर सरकार 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं; ही योजना 2018 च्या अखेरीपासून आहे. फोटो काढून ठेवा, अर्ज करा. अर्ज लिहायला माणूस हवा असेल तर आम्ही बसू. फाटकं जाळं पाण्यात टाकू नका, बंदरावर आणून द्या, आम्ही उचलू.

लॉजवाले, होमस्टेवाले, समुद्राकडे तोंड असलेले दिवे पुढचा महिनाभर रात्री मालवा, नाहीतर वरून झाकण लावून उजेड जमिनीकडे वळवा. पाहुण्यांना आल्या आल्या सांगा. तुमचं सांगणं ते आमच्या सांगण्यापेक्षा जास्त ऐकतात.

आणि ख्रिस्ती मंडळींनो. यंदाच्या उपवासात सुरमई खा, माझी ना नाही. पण उरलेल्या दर शनिवारी सकाळी सातला, उन्हं चढायच्या आत, आरेच्या सुरूबनाशी किनारा साफ करायला या. गुड फ्रायडेला क्रुसाची वाट चालताना चौदा ठिकाणी थांबतो तसं इथेही थांबू. प्रत्येक थांब्यावर प्रार्थना एक आणि गोणपाट एक. 29 मार्चच्या झावळ्यांच्या रविवारी खऱ्या झावळ्या आणा, प्लास्टिकचं एकही पान नको, नाहीतर पुढच्या वर्षी राख कशाची करणार? 4 एप्रिलच्या रात्री जागरणाची मिस्सा झाली की पाच-सहा जण पहाटेपर्यंत पुळणीवर फेरी मारणार आहोत. टॉर्चला लाल कागद गुंडाळून. बोलायचं हळू.

शनिवारी येताना पायात बूट घाला, काच असते. हातमोजे आमच्याकडे तीस जोड आहेत. गोणी तुमच्या तुम्ही आणा, खताच्या रिकाम्या असल्या तरी चालतील. चहाचा थर्मास वारेहून येतो, साखर आधीच घातलेली असते, त्यावर तक्रार चालत नाही.